वीजतारांखालची आग: ड्रोन आणि मशीन लर्निंगने धोका कसा मोजायचा

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांच्या तालुका पानावर एक बातमी ठरलेली असते: ‘शॉर्टसर्किटमुळे दोन एकर ऊस खाक’. फेब्रुवारीपासून तिच्या जोडीला डोंगरावरचे वणवे येतात. वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. कुणी पुढच्या पावसात गवत चांगलं फुटावं म्हणून काडी लावतो, कुणी विडीचं थोटूक टाकतो. तारेमुळे लागणारी आग मात्र वेगळ्या जातीची. तार कुठून जाते हे आधीच माहीत असतं, तिच्याखाली काय वाढलंय ते दिसतं आणि तिचा झोळ (दोन पोलांमध्ये ती किती लोंबते) मोजता येतो. त्यामुळे अशी आग कुठे लागू शकेल, याची यादी आगीच्या आधी करता येते.

ती यादी कशी करायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो. हे उपविभागातल्या अभियंत्यासाठी आहे, ड्रोन सर्व्हेचं काम घेणाऱ्यांसाठी आहे आणि ‘एआयचा प्रोजेक्ट’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. उदाहरण म्हणून एक ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) फीडर, म्हणजे वितरणाची मुख्य लाईन, डोळ्यांसमोर ठेवू: उपकेंद्रातून निघतो, उसाच्या मळ्यांतून जातो आणि शेवटी कुसळी गवताच्या उतारावरून डोंगरकुशीतल्या वाड्यांपर्यंत चढतो. त्याला जागोजागी डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहेत आणि डीपीपासून विहिरींपर्यंत लघुदाबाच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, तारा.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जे फूटपट्टीने मोजता येतं ते मोजावं, त्यासाठी मॉडेल (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) शिकवत बसू नये. मशीन लर्निंग वापरायचं ते ओळखण्याच्या कामाला: हे झाड कोणतं, हे गवत वाळलंय का, हा इन्सुलेटर तडकलाय का. तार आणि फांदी यांच्यातलं अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे. तिथे न्यूरल नेटवर्क घुसवलं की खर्च वाढतो आणि उत्तर धूसर होतं.

पायरी १: ठिणगी कशी पडते ते आधी ठरवा

ड्रोन उचलण्याआधी कागदावर लिहा की आपण नक्की काय शोधतोय. तारेमुळे आग लागण्याच्या तऱ्हा थोड्याच आहेत, पण प्रत्येकीसाठी वेगळा कॅमेरा आणि वेगळं उड्डाण लागतं.

पहिली तऱ्हा झाडाची. १३ जुलै २०२१ ला कॅलिफोर्नियात एक झाड वितरण वाहिनीवर कललं आणि त्यातून पेटलेल्या डिक्सी आगीत साडेनऊ लाख एकरांहून जास्त जंगल जळालं. दुसरी तऱ्हा फिटिंगची. ८ नोव्हेंबर २०१८ ला त्याच राज्यात पीजी अँड ई कंपनीच्या कॅरिबू-पालेर्मो या ११५ केव्ही वाहिनीवर इन्सुलेटरची माळ टांगणारा लोखंडी आकडा झिजून तुटला. जवळपास शंभर वर्षं जुना आकडा. त्या कॅम्प आगीत ८५ माणसं गेली आणि पॅराडाइज हे गाव जवळजवळ नकाशावरून पुसलं गेलं. तिसरी तऱ्हा तार तुटण्याची. ७ फेब्रुवारी २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, किलमोर ईस्टजवळ, एकतारी ग्रामीण वाहिनीची तार टोकाच्या फिटिंगपाशी तुटली. ते फिटिंग नीट बसवलेलंच नव्हतं. त्या एका आगीत ११९ जण दगावले.

आपल्या उसाच्या पट्ट्यात जास्त महत्त्वाची आहे ती चौथी तऱ्हा: तारेला तार घासणं. लघुदाबाच्या लाईनवर स्पॅन (दोन पोलांमधलं अंतर) लांब असतो, तीन फेज आणि न्यूट्रल एकाखाली एक किंवा शेजारी शेजारी असतात आणि त्यातली एखादी तार जास्त लोंबते. दुपारी वारा सुटला की सगळ्या तारा एका तालात हलत नाहीत, कारण झोळ वेगळा असला की हेलकावाही वेगळा. तारा एकमेकींना टेकतात, ॲल्युमिनियम वितळतं (ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं) आणि त्याचे जळते थेंब खाली पाचटावर पडतात. झाडाचा इथे काही संबंध नाही. म्हणून फक्त ‘झाडं किती जवळ’ एवढंच मोजणारा सर्व्हे उसाच्या भागात अर्धवट ठरतो.

तुमच्या फीडरवर यातल्या कोणत्या तऱ्हा जास्त, हे लाईनमनला विचारा. त्याला ते पाठ असतं.

पायरी २: परवानग्या आणि नियम

यावर फार वेळ घालवत नाही, पण टाळूही नका. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २ ते २५ किलोचा स्मॉल. लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) वाहणारे ड्रोन बहुधा स्मॉलमध्ये मोडतात. ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक हवा, उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं आणि तृतीय पक्ष विमा हवा. ग्रीन झोनमध्ये साधारण १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण झोनचा नकाशा बदलतो; उडवायच्या दिवशी सकाळी तो पुन्हा बघा. फीडर अभयारण्यातून किंवा राखीव वनातून जात असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवलं की शिवारात लोक जमून हुज्जत घालायची वेळ येत नाही.

लाईन बंद करून घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते. थर्मल (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) उड्डाणाला तर ती चालूच हवी. पण वीज कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तारांजवळ ड्रोन नेऊ नका.

पायरी ३: कधी उडवायचं

वर्षातून दोनदा. पहिलं उड्डाण ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस संपून झाडोरा सगळ्यात वाढलेला असतो तेव्हा. बांबू, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया यांनी पावसात किती उंची घेतली ते तेव्हाच कळतं आणि छाटणीला हाती वेळही राहतो. दुसरं फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत पूर्ण वाळल्यावर आणि तारा तापू लागल्यावर.

दिवसातली वेळ हा जास्त अवघड निर्णय आहे. सकाळी वारा पडलेला असतो, उजेड मऊ असतो, ड्रोन स्थिर राहतो. पण तेव्हा तार थंड आणि ताठ असते. एका लाईनमनने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: “साहेब, सकाळी काय बघताय, दुपारी दोनला या, मग दिसंल झोळ.”

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडू. वीझल जातीची एसीएसआर (पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम) तार, स्पॅन १०० मीटर, सकाळचा झोळ १.५ मीटर. स्पॅनपेक्षा तारेची लांबी किती जास्त? आठ गुणिले झोळाचा वर्ग, भागिले तीन पट स्पॅन. म्हणजे ८ × २.२५ ÷ ३००, फक्त ६ सेंटिमीटर. आता उन्हात तारेचं तापमान ३० अंशांनी वाढलं. एसीएसआरचा प्रसरण गुणांक दर अंशाला साधारण दशलक्षांश १९ धरला तर लांबी आणखी पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास वाढते. ताण घटल्यामुळे तार एखादा सेंटिमीटर आखडते, तो वजा करा. उरलेल्या साडेदहा-अकरा सेंटिमीटरला नवा झोळ येतो सुमारे २ मीटर. लांबीत पाच सेंटिमीटरचा फरक आणि झोळात अर्धा मीटर. सकाळी फांदीपासून तीन मीटर वर असलेली तार दुपारी अडीच मीटरवर आलेली असते, आणि ११ केव्हीला झाडापासून किमान अंतर २.६ मीटर हवं.

मार्ग सोपा आहे: सकाळीच उडवा, पण हवेचं तापमान, वेळ आणि त्या वेळचा फीडरचा लोड टिपून ठेवा. मग वरचं गणित प्रत्येक स्पॅनला लावून ‘एप्रिल दुपारचा झोळ’ काढा. धोका त्या झोळावर मोजायचा.

पायरी ४: कोणता सेन्सर, किती उंची

इथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो, म्हणून थोडं थांबून.

साधा कॅमेरा ड्रोन घेऊन ६० मीटरवरून फोटो काढले, ते सॉफ्टवेअरमध्ये टाकून त्रिमितीय नकाशा केला. झाडं सुरेख येतात, घरं येतात, पोलसुद्धा येतात. तारा येत नाहीत. कारण हिशोबात आहे. एक इंची सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर, फोकल लांबी ८.८ मिलिमीटर, फोटोची रुंदी ५४७२ पिक्सेल. ६० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर साधारण १.६ सेंटिमीटरचा पडतो. आणि तारेचा व्यास? स्क्विरल ६.३३ मिलिमीटर, वीझल ७.७७, रॅबिट १०.०५. म्हणजे तार एका पिक्सेलच्या आतच संपते. शिवाय ती वाऱ्याने हलते आणि पार्श्वभूमी बदलत राहते, त्यामुळे दोन फोटोंतला तोच बिंदू जुळवणं सॉफ्टवेअरला जमत नाही.

तारांसाठी लायडार लागतो. तोही बेताने वापरावा लागतो: बारीक तारेवरून परतणारा किरण क्षीण असतो, म्हणून ४० ते ५० मीटर उंची, सेकंदाला चार-पाच मीटरचा सावकाश वेग आणि लाईनच्या दोन्ही बाजूंनी एकेक फेरी. अगदी डोक्यावरून उडवलं तर उभ्या रचनेतल्या खालच्या तारा वरच्या तारांच्या आड जातात. जागेच्या अचूकतेसाठी आरटीके किंवा पीपीके (जीपीएसची चूक सेंटिमीटरपर्यंत आणणाऱ्या पद्धती) हवंच. सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स (कायम चालू असलेल्या संदर्भकेंद्रांचं) जाळं त्यासाठी वापरता येतं.

लायडार परवडत नसेल तर? काम अडत नाही. फोटोंतून पोलांची टोकं आणि झाडांचे शेंडे यांची उंची मिळते. प्रत्येक स्पॅनच्या मध्यावर लेझर रेंजफाइंडरने जमिनीवरून तारेची उंची एकदा मोजा. दोन टोकं आणि मधला एक बिंदू मिळाला की तारेचा वक्र ठरतो. चालावं लागतं, पण एका फीडरपुरतं ते शक्य आहे, आणि हे स्वस्तातलं काम कित्येक महागड्या अहवालांपेक्षा भरवशाचं निघतं.

फिटिंग आणि इन्सुलेटरसाठी वेगळं उड्डाण: पोलच्या बाजूने, झूम लेन्सने, तिरक्या कोनांतून. झिजलेला आकडा किंवा सैल बंधन जमिनीवरून दिसत नाही. प्रत्येक पोलचे किमान चार फोटो घ्या आणि त्यात तारेचं टोक जिथे बांधलंय तो भाग आलाच पाहिजे. किलमोर ईस्टची तार तिथेच तुटली होती.

थर्मल कॅमेऱ्याने तापलेले जंपर (दोन तारा जोडणारे तुकडे) आणि सांधे दिसतात, पण फीडरवर भार असेल तरच. शेतीच्या फीडरला थ्री-फेज पुरवठा ठरावीक तासच असतो. त्या वेळा उपकेंद्रातून घ्या आणि उड्डाण त्यात बसवा. नव्या चकचकीत ॲल्युमिनियमचं उष्णतेचं उत्सर्जन कमी असल्याने कॅमेरा त्याचं तापमान खरं दाखवत नाही. त्यामुळे आकड्याच्या मागे न लागता एकाच पोलवरच्या तीन फेजची तुलना करा. दोन सारख्या आणि तिसरी वेगळी दिसली की तिथे जा.

दोन सावधगिऱ्या. स्टे वायर (पोलाला आधार देणाऱ्या तिरक्या तारा) आणि आडव्या जाणाऱ्या सर्व्हिस वायर ड्रोनच्या सेन्सरलाही चुकवतात, म्हणून मार्ग आधी पायी बघा. आणि मोठ्या टॉवरवर आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने पाहून घ्या. पाती घोंघावत तिथे गेली तर खाली उभ्या असलेल्यांची खैर नाही.

पायरी ५: अंतरं मोजा

हाती आलेला बिंदूमेघ (टिपलेल्या त्रिमितीय बिंदूंचा संच) आधी चार भागांत वेगळा करायचा: जमीन, झाडोरा, तार, पोल. जमीन वेगळी करायला क्लॉथ सिम्युलेशन फिल्टर (काल्पनिक कापड टाकून जमीन शोधणारी पद्धत) चांगला चालतो; तो क्लाउडकंपेअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. डोंगरउतारावर त्याची ‘कापडाची’ ताठरता कमी ठेवा, नाहीतर बांध आणि ताली तो झाडोऱ्यात ढकलतो. तारांचे बिंदू जमिनीपासून उंच, एका रेषेत आणि विरळ असतात, त्यामुळे साध्या नियमांनीही ते बरेचसे वेगळे होतात. मोठं क्षेत्र असेल तर पॉइंटनेटसारखं मॉडेल शिकवा. एका फीडरला त्याची गरज नाही.

मग प्रत्येक तारेला वक्र बसवा, एप्रिल दुपारच्या झोळापर्यंत तो खाली आणा आणि चार आकडे काढा. तार ते जमीन: रस्त्यापासून दूर, उघड्या शिवारात, ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेला ४.६ मीटर आणि ३३ केव्हीला ५.२ मीटर हा आपल्याकडचा रूढ मापदंड. तार ते झाड: वनक्षेत्रातल्या वाहिन्यांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ११ केव्हीला २.६ मीटर, ३३ केव्हीला २.८, १३२ केव्हीला ४.० आणि २२० केव्हीला ४.६ मीटर दिलेत. तिसरा आकडा पडण्याच्या टप्प्यातल्या झाडांचा: लाईनच्या मोकळ्या पट्ट्याबाहेर उभं आहे, पण उंची तारेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त. चौथा, जो बहुतेक अहवालांत नसतो: एकाच स्पॅनमधल्या दोन तारांच्या झोळातला फरक. लघुदाबाच्या लाईनवर मी हा आकडा सगळ्यात आधी बघतो.

झाडाला वाढीची मुभाही द्यावी लागते. आज तीन मीटरवर असलेला आंबा आणि आज तीन मीटरवर असलेला बांबू यांना एकच गुण देऊन चालणार नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी ६: मॉडेल कुठे लावायचं

तीन कामं.

पहिलं, झाडाची जात. प्रत्येक झाडाला नाव लागलंच पाहिजे असं नाही. ‘भराभर वाढणारं’ (बांबू, सुबाभूळ, निलगिरी), ‘सावकाश वाढणारं’ आणि ‘वाळलेलं’ एवढे तीन वर्ग पुरे. यू-नेटसारखं सेग्मेंटेशन (फोटोचे भाग वेगळे करणारं) मॉडेल फोटोंवर शिकवा. सीव्हॅट किंवा लेबल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंवर खुणा करायला लाईनमन आणि वनरक्षक यांना सोबत बसवा. एरवी शहरात बसून खुणा करणारा पोरगा घाणेरीच्या जाळीला झाड म्हणतो आणि पानगळ झालेल्या सागाला वाळका ठरवतो.

दुसरं, फिटिंगचे दोष. इथे योलो घराण्यातलं (फोटोतली वस्तू शोधणारं) मॉडेल चालतं. इंटरनेटवर इन्सुलेटरच्या फोटोंचे मोफत संच मिळतात, पण त्यांत बहुतेक उच्चदाबाच्या चकत्यांच्या माळा असतात. आपल्या ११ केव्हीच्या पोलवर पिन इन्सुलेटर, गंजलेला क्रॉसआर्म आणि वायरच्या तुकड्याने केलेली बंधनं. परक्या संचावर मॉडेलची पूर्वतयारी करा, पण शेवटची शिकवणी आपल्याच पोलांच्या फोटोंवर झाली पाहिजे.

तिसरं, इंधन. तारेखाली काय आहे आणि ते किती वाळलंय? इथे ड्रोनचा मोह सोडा. उसाचं शेत आज उभं आहे, पुढच्या आठवड्यात तोड होते, मग पाचट पसरलेलं असतं, नंतर त्याची कुट्टी होते किंवा ते जाळलं जातं. त्याच स्पॅनखालचं इंधन महिन्याभरात तीनदा रूप बदलतं. इतक्या वेळा ड्रोन कोण उडवणार? सेंटिनेल-२ उपग्रहांच्या जोडीची प्रतिमा साधारण दर पाच दिवसांनी फुकट मिळते आणि ऑक्टोबर ते मे आपल्याकडे आकाश बहुतांश मोकळं असतं. ड्रोनवरच्या मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्यांत सहसा नसणारा लघुतरंग अवरक्त पट्टा त्यात आहे. पानातलं पाणी त्या पट्ट्यात कळतं. निकट अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलं की ओलाव्याचा निर्देशांक मिळतो. उभा ऊस, तुटलेला ऊस, हिरवं गवत, वाळलं गवत हे वर्ग ओळखायला काही महिन्यांच्या प्रतिमांवर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं साधं मॉडेल) पुरेसं आहे. पिक्सेल २० मीटरचा, तो स्पॅनपेक्षा लहानच.

पायरी ७: लेबलांची गोची

आता सगळ्यात दुखरी जागा. ‘कुठल्या स्पॅनखाली खरोखर आग लागली’ हे मॉडेलला शिकवायचं तर तशी नोंद, म्हणजे लेबल, हवी, आणि ती तयार मिळत नाही.

सहज सुचणारा उपाय म्हणजे उपग्रहाने टिपलेल्या आगी: भारतीय वन सर्वेक्षणाचे इशारे किंवा नासाची फर्म्स सेवा. त्यासाठीच्या उपग्रह-सेन्सरांपैकी मोडिसचा पिक्सेल १ किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा. त्यातून आग तारेखाली सुरू झाली की बांधापलीकडे, हे कळायचं नाही. दुपारी तासाभरात विझलेली दोन एकरांची आग उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये निसटू शकते. आणि उसाच्या पट्ट्यात तोडीनंतर शेतकरी स्वतः पाचट पेटवतो, तेही नकाशावर आग म्हणूनच उमटतं. या ठिपक्यांवर शिकलेलं मॉडेल पाचट कुठे जाळतात ते छान शिकेल. तारांबद्दल त्याला काही कळलेलं नसेल.

चांगली लेबलं कागदात असतात. उपकेंद्रातलं ट्रिपिंगचं (लाईन आपोआप बंद पडल्याचं) रजिस्टर, नुकसानभरपाईचे अर्ज, तलाठ्याचे पंचनामे, विद्युत निरीक्षकांचे अहवाल. पंचनाम्यात गट नंबर असतो. महाभूनकाशावर तो गट शोधा, त्यावरून जाणारे स्पॅन घ्या, ट्रिपिंगच्या वेळेशी ताडून पाहा. रटाळ काम आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही. जिथे आग लागली नाही, पण तार तुटली किंवा घासली, त्या नोंदीही घ्या; ठिणगी तीच, खाली इंधन नव्हतं इतकंच.

एवढं करूनही एका फीडरवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उदाहरणं मिळतील. तेवढ्यावर डीप लर्निंग करू नका.

पायरी ८: गुणाकार करा, बेरीज नको

प्रत्येक स्पॅनला तीन आकडे द्या, शून्य ते एक: ठिणगी पडण्याची शक्यता, खालचं इंधन आणि आग पसरली तर होणारं नुकसान. तिसऱ्यात उतार महत्त्वाचा. चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो हा ऑस्ट्रेलियातला जुना ठोकताळा आहे. वाड्या, गोठे, गंजी, सलग उभं पीक आणि वनहद्द हेही तिथेच येतं.

काल्पनिक आकड्यांचं उदाहरण घ्या. पहिला स्पॅन लघुदाबाचा, झोळ विषम, खाली वाळलेल्या पाचटाचा ऊस: ०.६ × ०.९ × ०.५ = ०.२७. दुसरा ११ केव्हीचा, बांबू जवळ आलाय, खाली कुसळी गवत, वर चढ: ०.४ × ०.८ × ०.९ = सुमारे ०.२९. तिसऱ्याचा इन्सुलेटर तडकलेला, पण खाली उघडा कातळ: ०.९ × ०.१ × ०.३ = ०.०२७. हेच आकडे बेरजेने मांडले तर २.०, २.१ आणि १.३ येतात आणि कातळावरचा स्पॅन फार मागे नाही असं वाटतं. गुणाकाराने तो दहाव्या हिश्श्यावर जातो, आणि आगीच्या यादीत त्याची जागा तीच. तो इन्सुलेटर बदलायचाच आहे. पण तो अपघात आणि पुरवठ्याच्या यादीत घाला, या यादीत नको.

हवामान शेवटी जोडा. स्पॅनची क्रमवारी हंगामाची, तर आर्द्रता, वारा आणि तापमान रोजचं. ज्या दुपारी हवा कोरडी आणि वारा जोरात, त्या दिवशी यादीच्या माथ्यावरच्या स्पॅनवर गस्त किंवा काही तासांपुरता पुरवठा बंद, असा निर्णय घेता येतो. कॅलिफोर्नियातल्या कंपन्या धोक्याच्या दिवशी वीज बंद ठेवतात आणि त्यावरून शिव्याही खातात. आपल्याकडे शेतीच्या फीडरच्या वेळा बदलणं त्यामानाने सोपं आहे.

पायरी ९: खरं-खोटं तपासा

दोन हजार स्पॅन, त्यात वीस धोक्याचे. ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणणारं मॉडेल ९९ टक्के अचूक ठरतं. त्यामुळे अचूकतेची टक्केवारी सांगणाऱ्या कंत्राटदाराला पुढचा प्रश्न विचारा: तुमच्या यादीतल्या पहिल्या पन्नास स्पॅनवर माणूस पाठवला तर किती ठिकाणी खरंच काम निघतं? आणि शेवटच्या पन्नासांत किती निघतं?

दुसरी फसगत तुकडे पाडण्यातली. एकाच उड्डाणातले फोटो उलटसुलट करून काही शिकायला आणि काही परीक्षेला ठेवले तर शेजारशेजारचे फोटो दोन्हीकडे जातात आणि मॉडेलला पेपर आधीच फुटलेला असतो. एक अख्खा फीडर बाजूला ठेवा, त्यावर परीक्षा घ्या. जमल्यास सपाटीवर शिकवून डोंगरावर तपासा; गुण घसरतील, पण तेच खरे गुण.

पायरी १०: यादी माणसाच्या हातात

रंगीत उष्णता-नकाशा बैठकीत छान दिसतो, पण त्यावरून लाईनमनला शिडी कुठे लावायची ते कळत नाही. त्याला हवा पोल क्रमांक ते पोल क्रमांक, काय करायचं (छाटणी, तारा दूर ठेवणारा स्पेसर, मधला पोल, तार ओढणं, जंपर बदलणं), एक फोटो आणि फोनवर उघडणारं ठिकाण. एका गँगला आठवड्यात जेवढे स्पॅन जमतात तेवढेच यादीच्या पहिल्या पानावर ठेवा.

छाटणी म्हटली की वाद येतो. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ६८ मध्ये लाईनला अडथळा ठरणारं झाड हटवण्याचा मार्ग दिलेला आहे, पण बांधावरच्या फणसापाशी कलम वाचून दाखवण्यापेक्षा मालकाला त्याच्याच शेताचा, त्याच्याच तारेचा फोटो दाखवणं जास्त उपयोगी पडतं. उसाच्या शेतात तर तो स्वतः तारेखालची एक-दोन सऱ्यांची पाचट काढून घेतो, कारण जळालेल्या उसाचं वजन कारखान्यात किती घटतं हे त्याला कुणी सांगायला नको.

काम झालं की त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या आणि स्पॅनची नोंद बदला: काम झालं, काम निघालंच नाही, की जाणं झालं नाही. ‘काम निघालंच नाही’ या नोंदी जपून ठेवा, कारण पुढच्या हंगामाच्या शिकवणीला त्याच लागतात. ‘जाणं झालं नाही’ वाले स्पॅन पुढच्या आठवड्याच्या पानावर सगळ्यात वर जातात. आणि बांबू छाटलेल्या स्पॅनची पुढची तारीख पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणातच लावून ठेवा, कारण तोवर तो पुन्हा तारेजवळ पोचलेला असू शकतो.